शेवटचं कॉलेज आधी

इंजिनियरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मगदूम अण्णांच्या दुकानाबाहेर चपलांचा ढीग पडायचा. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. दोन कॉम्प्युटर, एक धापा टाकणारं झेरॉक्सचं मशीन आणि पाटीवर तीन शब्द: झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म. पण त्या पाटीसाठी कुणी येत नसे. कागलपासून राधानगरीपर्यंतची माणसं यायची ती अण्णांनी पोराचा कॉलेजचा फॉर्म भरून द्यावा म्हणून. आत येताना चपला बाहेर काढाव्या लागत. आमदाराचा पुतण्या एकदा बुटांसकट आत आला, तर अण्णांनी त्याला पायांकडे बघत "पावणं, पाऊस हाय व्हय भायेर?" एवढंच विचारलं. तो मुकाट्याने मागे फिरला आणि बूट काढून आला.

पोरगं समोर बसलं की पर्सेंटाईलचा कागद पुढे करायचं. अण्णा तो घ्यायचे, न वाचता टेबलावर पालथा घालायचे आणि वर स्टेपलर ठेवायचे. मग चष्मा कपाळावर चढवून त्या पोराकडे बघत बसायचे. आईबापांची तोवर चुळबूळ सुरू झालेली असायची, कारण तो आकडा दाखवायलाच तर ते एवढ्या लांबून आलेले. अण्णा विचारायचे, "आता बोल. रडत न जाता जाशील असं एक कॉलेज सांग."

ही त्यांची पद्धत. सगळं जग फॉर्म भरताना पहिल्या नंबरचं कॉलेज आधी ठरवतं. अण्णा शेवटचं आधी ठरवायचे. वरची सगळी कॉलेजं हुकली, काहीच हाती लागलं नाही, तरी जिथे तोंड वाकडं न करता जाशील असं एक नाव आधी कागदावर आलं पाहिजे, आणि ते पोराच्याच तोंडून आलं पाहिजे. ते येईपर्यंत स्टेपलर हलत नसे. ते आलं की मग कागद सुलटा व्हायचा, आकडा वाचला जायचा आणि अण्णा एकेक नाव रचत वर जायचे. कुठल्या कॉलेजची कुठली शाखा मागच्या साली किती पर्सेंटाईलला बंद झाली, हे त्यांना पाठ होतं.

मी जवळच्याच ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढायला म्हणून जायला लागले आणि पोरंच माझी म्हटल्यावर जून-जुलैत दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसायला लागले. अण्णा मला मॅडम म्हणायचे, मी त्यांना अण्णा. अण्णा जाऊन आता दीड वर्ष झालं. त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकतात. मी त्या गल्लीने जाणं टाळत नाही, पण त्या बाजूच्या फुटपाथने मात्र चालत नाही.

दुकान काढण्याआधी अण्णा बावीस वर्षं साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्या काट्यावर चढायच्या, अण्णा वजन लिहायचे. आकड्यांबद्दलची त्यांची सगळी मतं तिथेच तयार झालेली. "काटा खोटं बोलत न्हाई मॅडम," ते म्हणायचे. "पर गाडीचं एक चाक काट्याच्या भायेर असलं तर काटा बिचारा काय करंल? त्यानं दावलं ते खरंच असतंय, पर अर्ध्या गाडीचं." पर्सेंटाईलमध्ये टिंबाच्या पुढे सात आकडे असतात याचं त्यांना फार हसू यायचं. कारखान्यात टनाच्या पुढे तीन आकडे पुरायचे, आणि ऊस तर विकायचा असायचा.

पण म्हणून ते मार्कांना हिणवणाऱ्यातले नव्हते. अशी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. बहुतेकांची स्वतःची पोरं पंच्याण्णवच्या पुढची असतात. मी एकदा मुद्दाम खोडी काढली, "अण्णा, कागद पालथा घालून काय उपयोग? शेवटी मार्कच लागतात ना?"

"लागत्यात की. मी कुठं न्हाई म्हणतोय?" अण्णा म्हणाले. "एक टिंब कमी पडलं तर तुमचं नावबी कोण घेत न्हाई. सातव्या आकड्यावर शीट गेलेली बघितली हाय मी. पर ह्यो कागद सुलटा ठेवला की पोरगं बोलतच न्हाई, कागदच बोलतोय. आधी पोराचं ऐकून घ्यावं म्हणतो. कागद कुठं पळून जातोय?"

अण्णा जैन. चातुर्मासात सूर्यास्तानंतर अन्नाला हात लावायचे नाहीत, आणि नेमका प्रवेशाचा हंगाम चातुर्मासातच यायचा. त्यामुळे सहा वाजायच्या आत कुलूप. सरकारी वेबसाईट रात्री बारापर्यंत चालू असे, पण अण्णा चालू नसत. आमच्याकडच्या माणसांना शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला यायची सवय. पावणेसहाला धावत आलेल्या एका बापाने हात जोडले, तर अण्णा शटर ओढताओढता म्हणाले, "तुमचं पोरगं बारा वर्षं शिकलं. त्येला एक दिवस आधी आणायला काय झालंतं?" दुसऱ्या दिवशी मुदत वाढली. दरवर्षी वाढायची. अण्णांना ते ठाऊक असायचं, पण ते कुणाला सांगायचे नाहीत.

एका वर्षी एक बांधकामवाले गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा अतिशय हुशार, नव्व्याण्णवच्या पुढे आणखी एक नऊ. यादीत त्याने तीनच कॉलेजं लिहून आणलेली, तिन्ही बाहेरची, तिन्ही कॉम्प्युटरची. अण्णांनी नेहमीप्रमाणे शेवटचं नाव मागितलं. मुलगा म्हणाला, "हे तिसरं आहे ते शेवटचं." अण्णा म्हणाले, "ह्ये पहिल्याचाच भाऊ हाय. शेवटचं सांग." वडील तापले. म्हणाले, "तुम्ही झेरॉक्सवाले आहात की कोण आहात?"

"झेरॉक्सवालाच हाय," अण्णा शांतपणे म्हणाले. "म्हणून तर सांगतोय. कागद बिघडला तर दुसरा काढून देतो. वरीस बिघडलं तर दुसरं काढायचं मशीन न्हाई माझ्याकडं."

ते उठून गेले आणि फॉर्म दुसरीकडे भरला. पहिल्या फेरीत त्या मुलाला काही म्हणजे काहीच मिळालं नाही. दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा तो एकटाच आला. दुकानाबाहेर चपला काढून बराच वेळ उभा होता. अण्णांनी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, मागचं काही काढलं नाही. पर्सेंटाईलचा कागद परत पालथा घातला आणि तोच प्रश्न विचारला. त्या दिवशी मुलाने सांगलीचं एक नाव सांगितलं. त्याच्या मावशीचं घर तिथे होतं आणि मावशीकडे त्याला झोप चांगली लागायची. अण्णांनी ते कारण गंभीरपणे ऐकून घेतलं आणि नाव लिहिलं.

आता सुप्रियाचं सांगते. तेच सांगायचं आहे, बाकीचं मी उगीच लांबवत बसले आहे.

सुप्रिया राधानगरीच्या अलीकडच्या एका गावची. वडील आनंदराव, चार म्हशी, थोडी भातशेती. पोरगी माझ्याच वर्गातली, मागच्या बाकावर बसून नेमका प्रश्न विचारणारी. तिला नव्व्याण्णव पॉइंट सहा आले. आमच्या कॉलेजात त्या वर्षी तेवढे कुणालाच नव्हते. पुण्याचं नावाजलेलं सरकारी कॉलेज तिला इलेक्ट्रिकलसाठी सहज मिळणार होतं आणि ते मिळावं म्हणूनच ती दोन वर्षं पहाटेच्या एसटीने कोल्हापूरला येत होती. तिच्या घराण्यात इंजिनियर सोडा, पुण्यात राहिलेलं कुणी नव्हतं.

अण्णांनी तिला शेवटचं कॉलेज विचारलं तेव्हा मी शेजारीच होते. तिने मुरगूडच्या रस्त्याला नव्याने झालेल्या एका कॉलेजचं नाव घेतलं. शाखा इलेक्ट्रिकल. अण्णांनी कारण विचारलं. ती म्हणाली, "बारावीच्या पोरांना बघायला बोलावलं होतं त्यांनी. तिथल्या सरांनी मला जळालेली मोटार उघडून बघू दिली. आमच्या विहिरीवरची मोटार दर उन्हाळ्यात जळते, पण आबा मला कधी हात लावू देत नाहीत." अण्णा खूश झाले. ते नाव लिहिलं आणि मग वरची बावीस नावं तिच्या पर्सेंटाईलकडे बघून रचली. पसंतीत पहिलं पुण्याचं कॉलेज. मी मात्र तोवर माझ्यासमोरच्या पोराकडे वळले होते. तो कागद लिहिताना मी पाहिलाच नाही.

ठरलेल्या दिवशी फॉर्म भरायचा, तर सुप्रियाला ताप. आणि अण्णांना त्याच आठवड्यात मिरजेला मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. बाकी सगळ्यांचे फॉर्म त्यांनी जायच्या आधी उरकले होते. हा एकच राहिला. कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "आनंदराव फोन घिऊन येतील, ओटीपी त्येच्यावर येतोय. एवढा भरून टाका."

शेवटच्या दिवशी दुपारी आनंदराव आले. पांढरा शर्ट, हातात साधा फोन घट्ट धरलेला. माझ्याशेजारी स्टुलावर बसले आणि तासभर स्क्रीनकडे बघत राहिले. मी अण्णांचा कागद कीबोर्डला टेकवला. गोल सुंदर अक्षर, कुठे खाडाखोड नाही, तेवीस नावं एकाखाली एक. नंबर घातलेले नव्हते. सगळ्यात वर मुरगूडच्या रस्त्याचं कॉलेज, सगळ्यात खाली पुणं.

अण्णा शेवटचं कॉलेज आधी ठरवतात हे मला पुरतं ठाऊक होतं. ते आधी ठरवतात म्हणजे आधी लिहितात, आणि आधी लिहितात म्हणजे ते कागदावर वर येतं, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. स्वतः टाईप करताना ते कागद खालून वर वाचत असत. इतकी वर्षं मी शेजारच्या खुर्चीत बसत होते आणि ते कधी लक्षातच घेतलं नव्हतं. एवढं स्वच्छ अक्षर बघून मला वाटलं ही पक्की प्रत आहे.

मी थांबले नाही असंही नाही. पहिलं नाव टाईप करताना बोटं अडखळली. नव्व्याण्णव पॉइंट सहाच्या पोरीला पहिल्या नंबरला हे, तिने शेवटचं म्हणून सांगितलेलं कॉलेज? पण अण्णांचा कागद होता. अण्णांच्या कागदावर शंका घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. पोरीची तब्येत बरी नाही, मागाहून घराजवळ राहायचं ठरलं असेल, अण्णांनी काहीतरी विचार केला असेल, अशी मी माझी समजूत घातली. अण्णांना फोन करावा तर त्या वेळी त्यांच्या डोळ्यावर ऑपरेशन चाललेलं, आणि आनंदरावांना विचारावं तर त्यांचा सगळा भरवसा त्या कागदावरच. मी तेवीस नावं वरून खाली भरली. आनंदरावांनी ओटीपीचे आकडे एकेक करून वाचून दाखवले. मी बटण दाबलं.

ज्यांच्या घरात कुणी हा फॉर्म भरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं. पुढच्या फेऱ्यांचे दरवाजे बंद. तुम्हीच पहिलं मागितलंत, तुम्हाला पहिलं मिळालं, तक्रार कसली. सुप्रियाला पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं. तिच्या मार्कांवर ते न मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

निकालाच्या दिवशी बापलेक दुकानात आले तेव्हा अण्णा मिरजेहून परतले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. सुप्रियाने फोनवर आलेला मेसेज पुढे केला. अण्णांनी एका डोळ्याने वाचलं. मग टेबलाच्या खणातून तो कागद काढला, पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. काहीतरी बोलायला म्हणून मी तोंड उघडलं.

"चूक माझी हाय," अण्णा म्हणाले. "त्या दुपारी फॉर्म भरताना मिरजेसनं मी मॅडमना फोन केलता. वरनं खाली भरा म्हणून मीच सांगिटलं. भुलीच्या औषधात होतो, काय बोललो मलाच कळलं न्हाई. मॅडमनी मी सांगिटलं तसं भरलं."

असा फोन आलाच नव्हता. मी ते बोलायला पाहिजे होतं. माझ्या नोकरीची भीती नव्हती, कुणी मला मारणार नव्हतं. पण आनंदराव माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांच्या नजरेत दोषी ठरायचं नव्हतं. एवढंच क्षुद्र कारण. मी तोंड मिटलं. आनंदरावांनी माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

त्यापुढचे आठ दिवस अण्णांनी दुकान उघडलं नाही. डॉक्टरांनी प्रवास करू नका सांगितलेलं असताना आनंदरावांना घेऊन मुंबई गाठली, कुठल्याकुठल्या टेबलांसमोर उभे राहिले. तिथल्या माणसांनी नियमावर बोट ठेवलं. त्यांचंही बरोबर होतं. ओटीपी देऊन फॉर्म पक्का केलेला होता. अण्णा परत आले ते डोळा लाल करून. मग त्यांनी सुप्रियाला बोलावून काय काय करता येईल ते सांगितलं. शीट सोडून एक वर्ष थांबायचं आणि परत परीक्षा द्यायची, किंवा आहे ते घ्यायचं. "थांबलीस तर क्लासचं, पुस्तकाचं माझ्याकडं," ते म्हणाले. "तुझं वरीस माझ्यामुळं गेलंय."

सुप्रिया म्हणाली, "अण्णा, तेवीस नावांतलं एकच नाव मी सांगितलं होतं. बाकीची बावीस माझ्या पर्सेंटाईलनं सांगितली. मी जाते तिथं."

"माझं मन राखायला बोलू नको अक्का."

"नाही राखत. रडून घेतलंय मी घरी. तुम्ही रडत न जाता म्हणाला होता, ते मात्र जमलं नाही."

अण्णांच्या डोळ्यावर काळा चष्मा होता म्हणून बरं. मी झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद नसतानाही कागद अडकल्यासारखं काहीतरी करत राहिले.

पुढे जे झालं ते कोल्हापूर जिल्ह्यातच होऊ शकतं. ऑगस्टमध्ये मुधाळ तिट्ट्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, वीस फुटी फ्लेक्स लागला. त्यावर संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, संचालक असे सतरा फोटो आणि मधोमध सुप्रियाचा बारावीच्या ओळखपत्रातला घाबरलेला चेहरा. खाली मोठ्या अक्षरांत: नव्व्याण्णव पॉइंट सहा पर्सेंटाईल मिळवून आमच्या महाविद्यालयास पहिली पसंती देणाऱ्या कु. सुप्रियाचे हार्दिक अभिनंदन. अण्णांनी एसटीतून तो पाहिला आणि पुढच्या थांब्याला उतरून परत चालत आले. खात्री करायला.

खरी गंमत पुढच्या जूनमध्ये झाली. गारगोटीकडचे, मुरगूडकडचे आईबाप दुकानात येऊन पहिलं नाव तेच सांगायला लागले. एक आई म्हणाली, "नव्व्याण्णववाली पोरगी पुणं सोडून तिथं गेली, म्हंजे कायतरी असंलच की. उगंच जाईल व्हय?" त्या वर्षी त्या कॉलेजची शीटं कधी नव्हे ती चढ्या पर्सेंटाईलला बंद झाली. चांगली पोरं आली म्हणून चांगले मास्तर आले, आणि प्रयोगशाळेत नवी यंत्रं आली. अण्णा कपाळाला हात लावून बसले. "बघा मॅडम," ते म्हणाले, "आपण म्हणत हुतो कॉलेजामुळं मार्कांना किंमत येती. हितं उलटंच झालं. त्या पोरीच्या मार्कांनी कॉलेज उचललं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि त्ये कशानं, तर आपल्या घोटाळ्यानं." आपल्या म्हणाले. चार वर्षांत त्यांनी तो घोटाळा माझा आहे असं एकदाही म्हटलं नाही, एकांतातसुद्धा नाही. मी विषय काढला की ते म्हणायचे, कागदावर नंबर न घालणारा मी. आणि तेव्हापासून त्यांनी लाल पेनने नंबर घालायला सुरुवात केली, चांगले मोठे, गोल करून.

दर सहामाहीला निकाल लागला की अण्णा त्या कॉलेजात जायचे. सुप्रियाचे नातेवाईक समजून शिपाई त्यांना चहा द्यायचा, ते नको म्हणायचे. तिसऱ्या वर्षी प्रदर्शनात सुप्रियाने विहिरीवरच्या मोटारीसाठी एक पेटी बनवली होती. वीज कमीजास्त झाली की मोटार आपोआप बंद व्हायची. अण्णांनी तिला एवढे उलटसुलट प्रश्न विचारले की परीक्षक बाजूला उभे राहून ऐकत बसले. जाताना प्राचार्यांना म्हणाले, "पोरगी तुमच्याकडं चुकून आली. जपा." प्राचार्यांना वाटलं म्हातारा कौतुकाने बोलतोय.

पुण्याला ती पोहोचली असती तर आणखी पुढे गेली असती का? गेली असती कदाचित. मला याचं उत्तर माहीत नाही आणि माहीत असल्याचा आव आणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तिच्या मैत्रिणी पुण्यात शिकल्या, त्यांना शिकत असतानाच मोठ्या कंपन्यांनी उचललं. सुप्रियाकडे कुणी आलं नाही. तिने चौथ्या वर्षी पुन्हा एक मोठी परीक्षा दिली, पुढच्या शिक्षणाची, देशभरातली. निकाल घेऊन ती आनंदरावांना न सांगता थेट दुकानात आली. या खेपेला मुंबईच्या नामांकित संस्थेत प्रवेश मिळेल असा नंबर होता. फॉर्म तिने स्वतःच मोबाईलवर भरला होता. अण्णांनी फक्त एकदा नजर घालावी एवढंच तिचं म्हणणं. अण्णांनी घातली. वरून खाली, मग खालून वर. म्हणाले, "झ्याक हाय."

त्या दिवशी दुकानात आम्ही तिघंच होतो. अण्णा थकले होते, काठी घेऊन यायचे, पण टोपी कडक इस्त्रीची. मला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही. मी म्हटलं, "सुप्रिया, एक सांगायचं राहिलंय. त्या वेळी मिरजेहून अण्णांनी मला फोन केलाच नव्हता. कागद मी उलटा वाचला. चूक माझी होती."

सुप्रिया म्हणाली, "ठाऊक हाय मॅडम."

"कुणी सांगितलं?"

"आबांनी. त्याच दिवशी, एसटीतनं जाताना. फॉर्म भरताना आबा तासभर तुमच्या शेजारीच बसले होते की. फोन तुमच्या टेबलावर होता. एकदाबी वाजला न्हाई, म्हणाले."

मला एकदम खाली बसावंसं वाटलं, आणि मी बसलेलीच होते. चार वर्षं मी ज्या माणसाच्या नजरेतून सुटले असं समजत होते, तो पहिल्या मिनिटापासून सगळं जाणून होता. मी विचारलं, "मग बोलले का नाहीत?"

"मीबी तेच विचारलं. मी तर लई चिडले होते तुमच्यावर. आबा म्हणाले, एवढा मोठा माणूस डोळ्याला पट्टी बांधून मॅडमसाठी खोटं बोलाय लागलाय, तर आपण मधी तोंड घालायचं न्हाई. त्या बाई उद्या भिऊन फॉर्म भरायचं सोडतील, आणि मग आपल्यासारख्यांनी कुठं जायचं?"

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्नही केला नाही. पण बघण्यासारखं झालं होतं ते अण्णांचं तोंड. आपली लबाडी चार वर्षं खपली या समाधानात असलेला माणूस. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ठरवून खोटं बोललेला, तेही चातुर्मासात. ते काठीवर हनुवटी टेकवून सुप्रियाकडे बघत राहिले.

"म्हंजे आनंदरावला ठाऊक हुतं?"

"व्हय की."

"आगं, त्यो दर दिवाळीला तांदूळ घिऊन येतोय माझ्याकडं. दर साली बसवून सांगतोय मला, अण्णा, तुमची चूक मी मनात धरली न्हाई. आणि मी मान खाली घालून ऐकतोय. चार वर्षं!"

"आबांना घरी लई हसू येतंय त्याचं," सुप्रिया म्हणाली. "येताना वाटंत पाठ करत्यात."

अण्णा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग काठी खाली पडली, मग टोपी काढून मांडीवर घेतली आणि डोळे पुसत, धापा टाकत हसत राहिले. सुप्रियाने काठी उचलून दिली तर तीही धरवेना. "लबाड हाय तुझा बा," एवढंच अधूनमधून म्हणत होते. रडतारडता मीही हसायला लागले. त्याच संध्याकाळी मला बोर्डाच्या कामाला बाहेरगावी निघायचं होतं, म्हणून मी उठले, चपला घातल्या आणि निघाले. बाहेरगावाहून परत आले तेव्हा अण्णा गेलेले होते. त्या दिवशी कोपऱ्यावरून वळताना मी मागे पाहिलं होतं. ते अजून हसत होते, आणि सुप्रिया त्यांना पाणी पाजत होती.